दोन घरांतील परकेपणा : चिनी-अमेरिकन विद्यार्थ्यांची अस्मिता, नातेसंबंध आणि सांस्कृतिक धक्का

प्रास्ताविक

अमेरिकेतील महाविद्यालयात प्रवेश घेतलेल्या चिनी वंशाच्या विद्यार्थ्याला पहिल्या काही दिवसांतच एक प्रश्न हमखास विचारला जातो : 'तू कुठला?' त्याने 'ओहायोचा' किंवा 'सॅक्रामेंटोचा' असे खरे उत्तर दिले, तरी विचारणाऱ्याचे समाधान होत नाही. 'तसे नव्हे, मूळचा कुठला?' असा दुसरा प्रश्न येतो. तो बहुधा द्वेषाने विचारलेला नसतो. पुष्कळदा त्यामागे निखळ कुतूहलच असते. परंतु शेजारच्या बाकावर बसलेल्या, आयरिश किंवा जर्मन आडनाव लावणाऱ्या विद्यार्थ्याला हा दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही, ही गोष्ट त्याच्या ध्यानात आलेली असते.

प्रस्तुत लेखात अशा विद्यार्थ्याची अस्मिता, त्याचे कौटुंबिक व इतर नातेसंबंध आणि त्याला बसणारा सांस्कृतिक धक्का यांचा विचार केला आहे. येथे 'चिनी-अमेरिकन' या संज्ञेने अमेरिकेत जन्मलेला किंवा बालवयातच तेथे गेलेला विद्यार्थी अभिप्रेत आहे. विद्यार्थी-व्हिसावर उच्च शिक्षणासाठी चीनमधून जाणारा विद्यार्थी हा निराळा. आपल्याकडील चर्चेत या दोघांची वारंवार गल्लत होते. परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येत २०२३-२४ या वर्षी भारताने चीनला मागे टाकले. त्या वर्षी अमेरिकेत भारतीय विद्यार्थी सुमारे ३ लाख ३१ हजार, तर चिनी विद्यार्थी सुमारे २ लाख ७७ हजार होते. ही गणना पाहुण्यांची आहे. याउलट, २०२० च्या अमेरिकन जनगणनेत स्वतःला पूर्णतः किंवा अंशतः चिनी वंशाचे म्हणवणाऱ्यांची संख्या ५० लाखांहून अधिक भरली आणि त्यांतील तरुणांपैकी अनेकांनी चीन पाहिलेलाही नाही.

या विद्यार्थ्याचे वर्णन 'दोन संस्कृतींच्या कात्रीत सापडलेला तरुण' असे करण्याची रूढी आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते हे वर्णन अपुरे आहे. दोन भाषा, दोन पाककृती, दोन प्रकारचे शिष्टाचार यांसह जगणे मुळात तितकेसे अवघड नसते. अवघड होते ते, त्याची ओळख मान्य करण्याचा अधिकार असलेली माणसे आणि संस्था ती वेळोवेळी नाकारतात तेव्हा. या नकाराचा मागोवा पुढे कायदा, घर, आप्त आणि वर्ग अशा निरनिराळ्या ठिकाणी घेतला आहे.

'सांस्कृतिक धक्का' : संकल्पना आणि तिची मर्यादा

ही संकल्पना मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ऑबर्ग यांनी १९५४ मध्ये रिओ द जानेरो येथील व्याख्यानात मांडली आणि १९६० मध्ये ती लेखरूपाने प्रसिद्ध होऊन सर्वतोमुखी झाली. हस्तांदोलन केव्हा करावे, नोकराशी कसे बोलावे, आमंत्रण केव्हा गंभीरपणे घ्यावे अशा शेकडो परिचित खुणा परदेशात अचानक निरुपयोगी ठरतात आणि त्यातून अस्वस्थता उत्पन्न होते, हे ऑबर्ग यांचे निरीक्षण होते. नवलाई, संकट, सावरणे आणि समायोजन अशा चार अवस्था त्यांनी सांगितल्या. पुढे १९५५ मध्ये लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांच्या मुलाखतींवरून या प्रवासाला इंग्रजी 'यू' अक्षरासारख्या वक्राचे रूप दिले. १९६३ मध्ये गुलाहॉर्न दांपत्याने मायदेशी परतल्यावर बसणारा दुसरा धक्का त्यात मिळवून 'डब्ल्यू' आकाराचा वक्र मांडला.

या सर्व मांडण्यांमध्ये एक गृहीतक आहे. ज्याला धक्का बसतो त्याला जाण्यापूर्वी एक घर होते आणि परतण्यासाठीही ते आहे. ऑबर्ग यांचे श्रोते परदेशात नेमणुकीवर आलेले लोक होते. त्यांच्या बाबतीत हे गृहीतक योग्यच होते. परंतु क्लीव्हलँडमध्ये जन्मलेल्या मुलीला बालवाडीच्या पहिल्याच दिवशी डब्यातील पदार्थावरून हिणवले गेले, तर तो धक्का कोणत्या वक्रावर दाखवायचा? तिने कोणतीही सीमा ओलांडलेली नाही. सीमा सकाळी आठ वाजता घराच्या उंबरठ्यावर सुरू होते आणि दुपारी तीन वाजता पुन्हा तेथेच उलट दिशेने ओलांडावी लागते.

समाजशास्त्रात याला जवळचा विचार पूर्वी झाला होता. रॉबर्ट पार्क यांनी १९२८ मध्ये 'सीमांत मानव' ही कल्पना मांडली. स्टॅन्ली सू आणि डेरल्ड सू या बंधूंनी १९७१ मध्ये चिनी-अमेरिकन विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी लिहिताना परंपरानिष्ठ, सीमांत आणि 'आशियाई-अमेरिकन' असे तीन प्रकार कल्पिले. यांतील तिसरा प्रकार महत्त्वाचा आहे. 'आशियाई-अमेरिकन' हा शब्दच त्या वेळी अवघ्या तीन वर्षांचा होता. तो १९६८ मध्ये बर्कली येथील विद्यार्थी-चळवळीत घडला आणि सॅन फ्रान्सिस्को स्टेट महाविद्यालयातील १९६८-६९ च्या दीर्घ संपानंतर वांशिक अध्ययनाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. म्हणजे ज्या ओळखीच्या आधारे आज हा विद्यार्थी स्वतःविषयी बोलतो, ती त्याच्यासारख्याच विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाच्या आवारात निर्माण केलेली आहे.

कायद्याने घडवलेली घरे

'मूळचा कुठला?' हा प्रश्न व्यक्तीच्या तोंडून येतो, तथापि त्याची पहिली आवृत्ती सरकारी आहे. १८८२ च्या चिनी बहिष्करण कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत प्रवेशबंदी झाली आणि चिनी स्थलांतरितांना नागरिकत्व मिळण्याचा मार्ग बंद झाला. १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील मेमी टेप या आठ वर्षांच्या मुलीला सार्वजनिक शाळेने प्रवेश नाकारला. तिच्या आईवडिलांनी दावा लावला आणि १८८५ मध्ये तो जिंकला. त्यावर शाळा मंडळाने चिनी मुलांसाठी वेगळी शाळा काढून निकालातून वाट काढली. १८९५ मध्ये चीनहून परतणाऱ्या वाँग किम आर्क या सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या तरुणाला बंदरातच अडवण्यात आले. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला तो नागरिक होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये दिला. जानेवारी २०२५ मध्ये जन्मसिद्ध नागरिकत्व मर्यादित करणारा अध्यक्षीय आदेश निघाला, तेव्हा हाच निकाल पुन्हा वादाच्या केंद्रस्थानी आला.

बहिष्करणाच्या या काळाने कुटुंबाच्या अंतरंगात काय केले, हे अधिक उद्बोधक आहे. १९०६ च्या भूकंपात व आगीत सॅन फ्रान्सिस्कोतील जन्मनोंदी जळाल्या. त्यानंतर अनेक चिनी पुरुषांनी आपण येथेच जन्मल्याचे सांगितले; नागरिकाच्या मुलाला प्रवेशाचा हक्क असल्याने गावाकडील तरुण त्यांचे 'पुत्र' म्हणून येऊ लागले. हे 'कागदी पुत्र' होत. १९१० ते १९४० या काळात एंजल बेटावरील ठाण्यात त्यांची कसून उलटतपासणी होई. गावात घरे किती, विहीर कोणत्या बाजूस, घराला पायऱ्या किती, असे प्रश्न असत आणि त्यांची उत्तरे बोटीवर पाठ करून पुस्तिका समुद्रात टाकून द्यावी लागे. उत्तर चुकले तर परत पाठवणी. जो उत्तीर्ण झाला त्याला खोटे आडनाव जन्मभर वागवावे लागले. १९४३ मध्ये बहिष्करण रद्द झाले, पण वर्षाला अवघ्या १०५ जणांचा कोटा ठरला. १९५६ ते १९६५ या काळात सरकारने कबुलीजबाबाची योजना राबवली आणि हजारो लोकांनी आपली खरी नावे सांगितली. सर्वांनी सांगितली नाहीत.

अशा घरांत वाढलेल्या मुलांना आईवडिलांच्या भूतकाळाविषयी प्रश्न विचारण्याची मनाई असे. बाहेर बोलू नये, शाळेत घरचे सांगू नये, ही शिकवण 'पौर्वात्य गूढते'तून आलेली नव्हती; हद्दपारीच्या भयातून आलेली होती. पुढे शिक्षकांनी ज्याला चिनी विद्यार्थ्याचा जन्मजात अबोलपणा म्हटले, त्याचे एक मूळ येथे आहे.

१९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर चित्र पालटले. तैवान व हाँगकाँग येथून, आणि १९७९ नंतर चीनच्या मुख्य भूमीवरूनही, सुशिक्षित कुटुंबे आली. त्याच वेळी न्यूयॉर्कच्या चायनाटाऊनमधील शिवणकामाच्या कारखान्यांत व उपाहारगृहांत राबणारी कुटुंबेही आली. १९६६ मध्ये नियतकालिकांनी प्रथम जपानी व नंतर चिनी समाजाला यशस्वी, कष्टाळू, तक्रार न करणारा समाज म्हणून गौरवले. या 'आदर्श अल्पसंख्य' प्रतिमेने अभियंत्याची मुलगी आणि भांडी घासणाऱ्याचा मुलगा यांना एकाच रांगेत उभे केले. गौरवही किती तकलादू असतो, हे १९८२ मध्ये दिसले. जपानी मोटारींमुळे आपला रोजगार बुडाला या रागाच्या भरात डेट्रॉइटजवळ व्हिन्सेंट चिन या चिनी-अमेरिकन तरुणाला दोघा श्वेतवर्णीयांनी बेदम मारहाण केली. तो चार दिवसांनी मरण पावला आणि मारेकऱ्यांना एक दिवसाचाही तुरुंगवास भोगावा लागला नाही.

घर, भाषा आणि वळण

आता घरात येऊ. मराठी वाचकाला हे घर बरेचसे ओळखीचे वाटेल. काका आणि मामा यांना इंग्रजीत एकच शब्द आहे, याची गंमत आपल्याला वाटते. चिनी भाषेत तर वडिलांचा थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ यांनाही वेगवेगळी नावे आहेत. मायेचे शब्द सहसा उच्चारले जात नाहीत. 'जेवलास का?' या प्रश्नात ते सामावलेले असतात. अमेरिकन मित्राच्या घरी आईवडील दिवसातून चार वेळा मुलाला प्रेम बोलून दाखवतात, हे पाहिलेल्या मुलाला आपल्या घरी प्रेमच नाही, असे वाटू लागते. कापून पुढे ठेवलेल्या फळांची बशी ही त्या घरातील प्रेमाची भाषा होती, हे पुष्कळांना फार उशिरा उमगते.

मानसशास्त्रज्ञ रूथ चाओ यांनी १९९४ मध्ये याच मुद्द्यावर महत्त्वाचा आक्षेप घेतला. डायाना बॉमरिंड यांच्या प्रसिद्ध वर्गीकरणानुसार चिनी पालक 'हुकूमशाही' प्रकारात मोडत आणि अशा पालकांची मुले अभ्यासात मागे पडावीत अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती पुढे दिसत. चाओ यांनी दाखवले की, चिनी पालकांच्या मनातील 'ग्वान' या कल्पनेत ताबा आणि माया हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. त्याला इंग्रजी प्रतिशब्द नाही. मराठीत मात्र 'वळण लावणे' हा जवळचा प्रयोग आहे आणि त्यात धाक व जिव्हाळा वेगळे काढता येत नाहीत. एमी चुआ यांचे 'वाघीण आई'विषयीचे पुस्तक २०११ मध्ये आले, तेव्हा झालेल्या गदारोळात हा सूक्ष्म भेद हरवला, असे म्हणावे लागते.

वळणाचा आणि महाविद्यालयाचा संघर्ष जेड स्नो वाँग यांच्या १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नमूद आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊनमध्ये वाढलेल्या या लेखिकेने स्वतःविषयी तृतीय पुरुषात लिहिले, कारण 'मी' पुढे करणे चिनी शिष्टाचाराला धरून नव्हते. समाजशास्त्राच्या तासाला तिने ऐकले की, आईवडिलांनी मुलांकडून निमूट आज्ञापालनाची अपेक्षा करणे हा जुन्या काळाचा भाग असून मुलांना स्वतंत्र व्यक्ती म्हणून समजून घेतले पाहिजे. हा विचार घेऊन ती घरी गेली आणि परवानगी न घेता बाहेर जाण्यावरून वडिलांशी तिचा खटका उडाला. प्राध्यापकांच्या दृष्टीने हा प्रसंग विचार करण्याजोगा आहे. वर्गात जे सर्वसामान्य सिद्धांत म्हणून सांगितले जाते, ते एखाद्या विद्यार्थिनीच्या घरी संध्याकाळी भांडणाचे निमित्त होऊ शकते, आणि ते सांगणाऱ्याला त्याची वार्ताही नसते.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. मूल शाळेत इंग्रजी शिकते आणि आईवडिलांपेक्षा लवकर शिकते. मग बँकेत, दवाखान्यात, घरमालकाशी बोलताना तेच दुभाषी होते. दहा वर्षांचा मुलगा डॉक्टरांचे निदान आईला समजावून सांगतो; आणि शाळेने पाठवलेली स्वतःविषयीची तक्रारही तोच भाषांतरित करतो! येथे वडीलधारेपणाचा क्रम उलटा होतो. उलट बाजूस, मुलाची चिनी भाषा पाचव्या-सहाव्या वर्षाच्या शब्दसंग्रहावर थांबलेली असते. भाजी, झोप, अभ्यास यांविषयी तो बोलू शकतो. निराशा, शंका, प्रेमभंग यांसाठी त्याच्याकडे शब्द नसतात. आईकडे इंग्रजीतले नसतात. महाविद्यालयात गेल्यावर फोनवरील संभाषण 'जेवण झाले का' आणि 'थंडी आहे का' यांपलीकडे जात नाही. याला मतभेद म्हणता येत नाही, कारण मतभेदासाठी समान भाषा लागते.

शनिवार-रविवारच्या चिनी शाळा हा यावरील समाजाने काढलेला उपाय. त्यातही राजकारण आहेच : तैवानी कुटुंबांच्या शाळेत पारंपरिक लिपी, मुख्य भूमीवरून आलेल्यांच्या शाळेत सुलभ लिपी, आणि घरी कँटोनीज किंवा तैशानी बोलणाऱ्या मुलाला तेथे मँडरिन ही आणखी एक परकी भाषाच शिकावी लागते. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांच्या रविवारच्या शाळा ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना मुलांच्या चेहऱ्यावरील कंटाळाही परिचित असेल. चिनी-अमेरिकन मुलांना 'एबीसी' म्हणतात, तर आपल्या मुलांना 'एबीसीडी'. एका अक्षराची भर पडली, उपहास मात्र तोच. कँटोनीजमध्ये याहून बोचरा शब्द आहे, 'जूक-सिंग', म्हणजे बांबूची काठी : आत पेरे असल्याने एका टोकाने ओतलेले पाणी दुसऱ्या टोकाने बाहेर पडत नाही.

सर्वांचीच घरे अशी नसतात. १९९२ पासून चीनमधून अमेरिकन कुटुंबांनी ऐंशी हजारांहून अधिक मुले दत्तक घेतली, त्यांत मुली बहुसंख्य होत्या. चीनने ही प्रथा २०२४ मध्ये बंद केली. या मुलींच्या घरी कोणीच चिनी बोलत नव्हते. महाविद्यालयातील चिनी विद्यार्थी संघटनेच्या पहिल्या बैठकीत त्या जातात, तेव्हा चेहऱ्यावरून त्यांना आत घेतले जाते आणि पहिल्याच वाक्यानंतर त्या बाहेरच्या ठरतात.

मैत्री, प्रेम आणि चीनची वाट

मैत्री व प्रेमाच्या बाबतीत घरचा आग्रह आणि बाहेरचा पूर्वग्रह यांची सांगड बसते. आईवडिलांना जोडीदार चिनी, शक्यतो आपल्याच प्रांतातला हवा असतो. बाहेर, चित्रपट-दूरदर्शनने चिनी तरुणाला प्रेमाला अयोग्य आणि चिनी तरुणीला विनम्र, मोहक अशा साच्यात दीर्घकाळ बसवलेले आहे. जीन लुएन यांग यांच्या २००६ मधील 'अमेरिकन बॉर्न चायनीज' या चित्रकादंबरीने हे साचे विद्रूप करूनच उघडे पाडले आणि त्यासाठी 'पश्चिमेचा प्रवास' या जुन्या चिनी कथेतील वानरराजाला बरोबर घेतले. आंतरवंशीय विवाहाचा प्रश्नही केवळ भावनेचा नव्हता : कॅलिफोर्नियात अशा विवाहांवरील बंदी १९४८ मध्ये न्यायालयाने उठवली, तर देशभर ती १९६७ मध्ये संपुष्टात आली.

तरुणपणी अनेकजण चीनला जातात. काही भाषा शिकायला, काही आजोळचे गाव शोधायला. दक्षिण चीनमधील पूर्वजांच्या गावी जाणाऱ्या अशा तरुणांचा अभ्यास अँड्रिया लुई यांनी २००४ च्या ग्रंथात केला आहे. आयुष्यात प्रथमच गर्दीत मिसळून जाण्याचे सुख त्यांना मिळते. कोणी वळून पाहत नाही. हे सुख तोंड उघडेपर्यंत टिकते. बरोबरच्या श्वेतवर्णीय मित्राने दोन शब्द चिनी बोलले, तर दुकानदार कौतुक करतो. तेच याने अडखळत बोलले, तर 'चिनी असून चिनी येत नाही?' असा सवाल होतो. गुलाहॉर्न यांच्या वक्रातील परतीचा धक्का येथे बसतो खरा, पण जिथून तो कधी निघालाच नव्हता त्या ठिकाणी.

प्रयोगांची साक्ष

ओळख नाकारली जाण्याचा परिणाम मोजता येतो. शेर्यन आणि मोनिन यांनी २००५ मध्ये दाखवले की, 'तुम्ही अमेरिकन आहात का?' असा संशय व्यक्त झाल्यावर आशियाई-अमेरिकन विद्यार्थी आपले अमेरिकनपण सिद्ध करण्यासाठी अधिक खटपट करतात. पुढील एका प्रयोगात 'तुम्हाला इंग्रजी येते का?' एवढेच आधी विचारले, तर आवडता पदार्थ म्हणून पिझ्झा-बर्गरसारख्या अमेरिकन पदार्थांचे नाव घेण्याचे प्रमाण वाढले. एका वाक्याने माणूस स्वतःच्या जिभेची साक्ष बदलतो, हे थोडे खिन्न करणारे आहे.

दुसरा प्रयोग अधिक आशादायक. पोहणाऱ्या माशांच्या थव्यापुढे एक मासा आहे. तो नेतृत्व करतो आहे की इतर त्याच्या मागे लागले आहेत? चिनी भिंत, ड्रॅगन अशी चित्रे आधी पाहिलेले द्विसांस्कृतिक विद्यार्थी परिस्थितीकडे बोट दाखवतात, तर अमेरिकन चित्रे पाहिलेले त्या एका माशाच्या इच्छेकडे. मन एखाद्या द्विभाषिकाप्रमाणे सहज भूमिका बदलते. मात्र बेनेट-मार्टिनेझ व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये असे नोंदवले की, आपल्या दोन ओळखी परस्परविरोधी आहेत असे ज्यांना वाटते, त्यांच्याबाबतीत परिणाम नेमका उलट होतो. अमेरिकन चित्र पाहून ते चिनी पद्धतीचे उत्तर देतात. दोन संस्कृती असणे आणि त्या एकमेकींच्या वैरी आहेत असे वाटायला लावले जाणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वर्गातील मौन

आता प्राध्यापकांच्या थेट अधिकारातील गोष्ट. अमेरिकन महाविद्यालयांत वर्गातील सहभागाला गुण असतात आणि 'बोलतो तो विचार करतो' हे गृहीत असते. हीजंग किम यांनी २००२ मध्ये या गृहीतकाची परीक्षा घेतली. आकृत्यांची कोडी सोडवताना विचार मोठ्याने बोलून दाखवण्यास सांगितल्यावर आशियाई-अमेरिकन विद्यार्थ्यांची कामगिरी खालावली. युरोपीय वंशाच्या विद्यार्थ्यांची खालावली नाही. उलट, कोडे सोडवताना सतत मुळाक्षरे म्हणत राहण्यास सांगितले, तेव्हा युरोपीय वंशाच्या विद्यार्थ्यांना अडचण अधिक आली. ज्याला आपण निष्क्रियता समजतो, ती विचार करण्याची एक रीत असू शकते. याचा अर्थ त्यांना बोलायला लावू नये असा नव्हे. लेखी उत्तरासाठी दोन मिनिटे देऊन मग चर्चा सुरू करणे, हा साधा उपाय अनेक शिक्षक करतात.

२०२० च्या साथीत अमेरिकेतील चिनी चेहऱ्याच्या माणसांवर रस्त्यात हल्ले झाले. मे २०२१ मध्ये त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. त्याच साथीत भारतातील शहरांत मणिपूर, नागालँड, मिझोराम येथील विद्यार्थ्यांना 'कोरोना' म्हणून हिणवण्यात आले. त्यांना 'चिनी' म्हणणे तर त्याआधीपासून चालू होते. अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याचा दिल्लीत २०१४ मध्ये मारहाणीनंतर मृत्यू झाला आणि त्यानंतर केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांमुळे बंगळूर आणि पुणे येथून ईशान्येकडील हजारो विद्यार्थी व कामगार गाड्या भरून गावी निघून गेले. पुण्यातील वर्गांत त्या आठवड्यात जी नावे हजेरीपटावर होती आणि बाकावर नव्हती, त्यांतील बहुतेकांना 'मूळचा कुठला?' हा प्रश्न आपल्याच देशात कधी ना कधी विचारला गेला होता.